एकतर्फी

रविवार, रात्री पावणेबारा

‘द कलेक्टर’ संध्याकाळी वाचून संपलं. त्यानंतर भात लावला, जेवले, ओटा आवरला, पण ते तळघर काही डोक्यातून जात नाही.

जॉन फाउल्सची ही पहिली प्रकाशित कादंबरी, १९६३ सालची. फ्रेडरिक क्लेग हा इंग्लंडमधल्या एका नगरपालिकेतला कारकून. त्याला फुलपाखरं पकडून काचेखाली टाचून ठेवायचा नाद. कचेरीसमोरच्या घरात राहणारी मिरांडा त्याला खिडकीतून दिसते आणि तो तिच्यावर पाळत ठेवू लागतो. एक दिवस फुटबॉलच्या निकालांवर लावलेल्या पैशांतून त्याला ७३,०९१ पौंड मिळतात. तो नोकरी सोडतो, ससेक्समध्ये लुईसजवळ आडबाजूचं जुनं घर घेतो, तळघर सजवतो. मिरांडा तेव्हा वीस वर्षांची, लंडनच्या स्लेडमध्ये चित्रकला शिकणारी. रात्री सिनेमा बघून ती घरी निघालेली असते. माझ्या गाडीखाली कुत्रं आलंय, असं तो सांगतो. ती थांबते. मग क्लोरोफॉर्म.

पहिला भाग सगळा त्याच्या तोंडून आहे, आणि मला आज अस्वस्थ केलं ते याच भागानं. किती नीटनेटकं बोलतो हा माणूस! ती त्याची ‘पाहुणी’. तिच्या मापाचे कपडे आणतो, चित्रांची पुस्तकं आणतो, मागेल ते खायला आणतो. फक्त वर्तमानपत्र नाही, रेडिओ नाही आणि दार उघडं नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं काय काय केलं असतं, मी तसं काही केलं नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. एका पानावर माझ्याही मनात येऊन गेलं, ‘तसा वाईट नाही हा.’ मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे. एसवायला असताना एक मुलगा वर्षभर रोज आमच्या बसस्टॉपवर उभा असायचा. बोलायचा नाही. माझा क्लास कुठल्या वारी, किती वाजता, त्याला पाठ होतं. मावशी म्हणाली, “काही करत नाही ना? मग दुर्लक्ष कर.” मैत्रीण म्हणाली, “बिचारा, किती प्रेम आहे गं त्याचं.” मी गुरुवारचा क्लास सोडला. तो नेमका त्याच वारी मागोमाग बसमध्ये चढायचा.

आपली वर्तमानपत्रंही हेच करतात. मुलीवर कोयता चालवतात, ॲसिड फेकतात, आणि मथळा असतो ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’. प्रेम हा शब्द कोणाचा? मारणाऱ्याचा. तिला तर कोणी विचारलेलंही नसतं. क्लेगची भाषा आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो.

दुसरा भाग म्हणजे मिरांडाची रोजनिशी. ती गादीखाली लपवून ठेवते, रात्री मोजते. त्यानं आपलं नाव फर्डिनंड सांगितलेलं असतं. ती त्याला कॅलिबन म्हणते. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधल्या मिरांडावर झडप घालू पाहणारा तो कॅलिबन. ही मुलगी काही देवी नाही. हट्टी आहे, त्याच्या बोलण्याला, आवडीनिवडीला नाकं मुरडते. फाउल्सनं तिला अशी ठेवली हे मला फार आवडलं. सुटका व्हायला मुलगी गुणी असावी लागत नाही. एकदा तिच्या हाती कुऱ्हाड लागते. ती त्याच्या डोक्यात घालते, पण पूर्ण जोर लावू शकत नाही, आणि नंतर आपण हिंसा केली म्हणून तिलाच लाज वाटते. तिथे मला रडू आलं.

क्लेगच्या भागात ती आजारी पडल्याचं आपण आधीच वाचलेलं असतं. तिला मात्र ते ठाऊक नसतं. सुटल्यावर काय रंगवायचं, कसं जगायचं, हे ती लिहीत राहते. मग ताप चढतो, वाक्यं तुटत जातात. हा डॉक्टरकडे जातो, रांगेत बसतो आणि लोक बघताहेत असं वाटून उठून परत येतो. ती मरते. तो जीव द्यायचं ठरवतो, पण तिची रोजनिशी त्याच्या हाती लागते. तिनं आपल्यावर कधीच प्रेम केलं नाही हे वाचून त्याच्या मनावरचं ओझं उतरतं. दुकानात काम करणारी दुसरी एक मुलगी त्यानं तोवर हेरूनही ठेवलेली असते.

मघाशी माळ्यावरून कॉलेजच्या वर्षाची जुनी वही काढली. पाच गुरुवारी एकच ओळ आहे, ‘आज क्लासला गेले नाही.’ कारण कुठेही नाही. वही घरात कोणीतरी वाचेल म्हणून नसेल लिहिलं. आता प्रत्येक ओळीखाली निळ्या पेनानं ते लिहिलं, आणि वही टेबलावरच ठेवली.