पहिल्या फुंकीला ०.०३४

पहाटे पावणेपाचचं रिपोर्टिंग होतं. आमच्या भाषेत ज्याला ‘बीए’ म्हणतात ती ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणी म्हणजे रोजचं काम. नळीत एकसलग फुंकायचं, आकडा (रक्तातल्या अल्कोहोलची टक्केवारी) ०.००० आला की रजिस्टरमध्ये सही करायची आणि ब्रीफिंगला पळायचं. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू होऊन मला चौदा महिने झाले होते. इतक्या वेळा फुंकलं होतं, की हल्ली मी पडद्याकडे बघतही नसे. त्या दिवशी यंत्र किंचाळलं म्हणून बघितलं. ०.०३४.

मी थोडीफार घेते, पण शेवटची घेतली त्याला नऊ दिवस झाले होते. तरीही पहिला विचार आला तो ‘यंत्र बिघडलंय’ हा नव्हता. ‘मी काय केलं?’ हा होता. मागे रांगेत उभे असलेले केबिन क्रूचे दोघं एकदम गप्प झाले, ते मला पाठीवर जाणवलं.

डॉक्टरांचा आवाज मात्र चढला नाही. “बाजूला बसा. खोलीबाहेर जायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. साध्या पाण्याने चूळ भरा, हवं तर तोंड धुवा. पंधरा ते वीस मिनिटांनी दुसरी चाचणी घेऊ.” वर कॅमेरा चालू होता. फोनवर कुणीतरी डिस्पॅचला (उड्डाणांची आखणी बघणाऱ्या विभागाला) कळवत होतं, स्टँडबाय, म्हणजे राखीव, फर्स्ट ऑफिसरला उठवा.

त्या खुर्चीत बसून मी नियम आठवत होते. विमान नियम, १९३७ मधला नियम २४ सांगतो की मद्य घेतल्यापासून १२ तास उड्डाणाचं काम करायचं नाही. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणणं त्याहून कडक आहे. बारा तास उलटले असले तरी चाचणीत अल्कोहोल दिसता कामा नये. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. तीन महिने ऐकायला थोडे वाटतात. पण माझ्यासारख्या नवख्या वैमानिकाच्या नोंदीत तो डाग लागला, तर पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याचं उत्तर द्यावं लागतं.

मग डोकं भलतीकडेच गेलं. हाच ०.०३४ आकडा दुसऱ्या देशात काय ठरला असता? अमेरिकेत मर्यादा ०.०४ आणि शेवटच्या घोटानंतर ८ तास. म्हणजे तिथे मी मर्यादेच्या आत होते, तरी ०.०२ च्या वर सापडलेल्याला तात्पुरतं कामावरून उतरवतातच. ब्रिटनमध्ये वैमानिकाला १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅमच चालतं, इंग्लंडमधल्या गाडीचालकाच्या ८० मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा. माझ्या आकड्याचे ३४ मिलिग्रॅम होतात, म्हणजे तिथे थेट गुन्हा. युरोपीय महासंघातही लिटरमागे ०.२ ग्रॅम, म्हणजे तेवढंच. एकाच आकड्याला एका ठिकाणी ‘आज घरी जा’ आणि दुसऱ्या ठिकाणी तुरुंगाची वाट. आणि आमच्याकडे शून्य.

“गेल्या अर्ध्या तासात तोंडात काही घातलं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठे मी भानावर आले. अक्कलदाढ दुखत होती. चाचणीच्या खोलीत शिरण्याच्या पाचेक मिनिटं आधी मी स्वच्छतागृहात माउथवॉशने खळखळून गुळण्या केल्या होत्या. बाटली बॅगेतच होती. लेबलवर, अगदी बारीक अक्षरात, अल्कोहोल.

यंत्राचा यात दोष नाही. फुंकलेली हवा फुप्फुसांच्या तळातून आली आहे असं ते धरून चालतं. तिथे हवा आणि रक्त शेजारी-शेजारी असतात, म्हणून श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातलं काढता येतं. हिशेबाचं प्रमाण साधारण १ ला २१०० असं धरतात. आता तोंडाच्या आतल्या कातडीवरच अल्कोहोल चिकटलेलं असेल, तर त्यालाही यंत्र फुप्फुसातलंच समजतं आणि तो अंशही तितक्याच पटीने वाढून पडद्यावर येतो. तोंडातलं हे अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं. रक्तातलं मात्र तेवढ्या वेळात हलल्यासारखंही दिसत नाही. दोन चाचण्यांमधलं ते अंतर याचसाठी आहे. वैमानिकाला सुटायची संधी म्हणून नाही.

वीस मिनिटांनी आधी कंट्रोल टेस्ट झाली. चाचणी-खोलीतल्याच एका कर्मचाऱ्याने त्याच यंत्रात फुंकलं, शून्य आलं, म्हणजे यंत्र ठीक. मग साक्षीदारासमोर मी. श्वास पुरेल की नाही अशी धास्ती होती, कारण छाती धडधडत होती. ०.०००. दोन्ही प्रिंट निघाले, दोन्हींवर सह्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “नियमाने तुम्ही उडू शकता.”

कॅप्टन बाहेर थांबले होते. त्यांनी काय झालं हे विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, “आत्ता विमान हातात घेण्याच्या मनःस्थितीत आहेस का? खरं सांग.” मी म्हटलं, “सर, नाही. मॉनिटरिंग नीट करेन, पण टेकऑफ तुम्ही करा.” ते म्हणाले, “ठीक, हा लेग माझा. नाहीच जमलं तर दार बंद व्हायच्या आधी बोल, स्टँडबाय आहेच.” त्यांनी मला वाचवलं नाही की दटावलंही नाही. आम्ही अकरा मिनिटं उशिरा निघालो.

नंतर महिनाभर मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले. शरीर अल्कोहोल तासाला सरासरी ०.०१५, म्हणजे १५ मिलिग्रॅम, या गतीने कमी करतं. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, व्यायाम यांनी ती गती वाढत नाही. २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टोकियोला निघालेल्या विमानाचा सहवैमानिक पकडला गेला. क्रूच्या बसचालकाला वास आला होता. रक्तात १८९ मिलिग्रॅम सापडलं आणि दहा महिन्यांची शिक्षा झाली. सरासरी गतीने १८९ पासून शून्यावर यायला बारा तासांहून जास्त लागतात. म्हणजे नुसतं घड्याळ बघून ‘बारा तास झाले, मी मोकळा’ म्हणणंही पुरेसं नाही. किती घेतली, त्यावर सगळं आहे.

सगळ्यात जास्त हादरले ते कानाबद्दल वाचून. अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या नलिकांमध्ये द्रव असतो आणि त्यात जेलीसारखा एक पडदा. अल्कोहोल आधी पडद्यात शिरतं, द्रवात नंतर, आणि निघतानाही आधी पडद्यातूनच निघतं. त्यामुळे दोघांच्या घनतेत फरक पडतो आणि डोकं हलवलं की काहीतरी फिरतंय असा खोटा निरोप मेंदूला जातो. हा परिणाम रक्त शून्यावर आल्यानंतरही काही तास टिकू शकतो. ढगात, क्षितिज दिसत नसताना, कानाने पाठवलेला खोटा निरोप म्हणजे काय असतं हे मी सिम्युलेटरमध्ये नव्हे, प्रत्यक्ष अनुभवलंय, आणि तेही पूर्ण शुद्धीत. त्यामुळे आमच्यातले काही ज्येष्ठ ‘०.०२ ठेवा, शून्य हा अतिरेक आहे’ म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. शून्य राहू दे. फक्त दुसऱ्या चाचणीचा हक्क आणि यंत्राची तपासणी यात कुणी कसूर करू नये.

२०२३ मध्ये डीजीसीएने नियम सुधारले आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश, टूथजेल अशा वस्तू वापरण्यावरच बंदी आणली. म्हणजे मी तेव्हा केलं ते आज सरळ नियमभंग ठरेल. खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीचे थेंब यांतही अल्कोहोल असतं. औषध चालू असेल तर ते कंपनीच्या डॉक्टरांना कामावर येण्याआधी सांगा, आकडा आल्यावर नव्हे.

आणि तरीही आकडा आलाच, तर वाद घालू नका आणि खोली सोडू नका. पहिल्या चाचणीची वेळ लिहून घ्या. यंत्राचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं आहे ते विचारा. तुमच्या दुसऱ्या फुंकीआधी कंट्रोल टेस्ट झाली का, ते डोळ्यांनी बघा. दोन्ही प्रिंटवरचं नाव, वेळ आणि आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. हात थरथरत असला तरी वाचा. मी पहिल्या प्रिंटवर न वाचताच सही करायला निघाले होते, डॉक्टरांनीच पेन अडवलं.