कुऱ्हाडीच्या जखमेला गाठ, सापाच्या दंशाला नाही

किनवट आणि माहूर या तालुक्यांत वनमजुरांसाठी होणाऱ्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणांना मी गेली काही वर्षे शिकवण्यासाठी जाते. शहरातल्या कार्यालयासाठी आखलेला वर्ग जसाच्या तसा जंगलात नेऊन भागत नाही, हे माझे मत या कामातून पक्के झाले आहे. कारण रुग्णवाहिका थोड्याच वेळात दारात येईल, असे त्या वर्गात मनातल्या मनात धरलेले असते. कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, साग तोडणाऱ्या माणसापर्यंत गाडी पोहोचत नाही, त्यालाच उचलून गाडीपर्यंत न्यावे लागते. फोनला रेंज हवी असेल तर आधी टेकाड चढावे लागते, आणि मोठ्या रुग्णालयासाठी नांदेड गाठायचे म्हटले तर किनवटपासून शंभरहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. तेलंगणातले आदिलाबाद त्या मानाने जवळ पडते. या मधल्या वेळात जखमी माणसाचे जे काही बरेवाईट होते, ते शेजारी काम करणाऱ्या मजुराच्या हातून होते. वनरक्षक त्या वेळी बीटाच्या, म्हणजे त्याच्या राखणीच्या हद्दीच्या, दुसऱ्या टोकाला असू शकतो. म्हणून केवळ गणवेशातल्या कर्मचाऱ्यांना शिकवून परत येणे मला पुरेसे वाटत नाही.

वर्गाच्या सुरुवातीला मी दोन प्रश्न विचारते. साप चावला तर काय कराल, या पहिल्या प्रश्नाला म्हातारे, तरुण, बायका सगळ्यांकडून एकच उत्तर येते : "वरून दोरीनं करकचून आवळायचं, ताई." कुऱ्हाड मांडीत घुसून रक्ताची चिळकांडी उडाली तर काय कराल, असे विचारले की हळद, चुना, चहापूड, जळक्या कापडाची राख अशी यादी निघते, आवळून बांधण्याचे नाव फारसे कोणी काढत नाही. म्हणजे जिथे बांधू नये तिथे गाठ पक्की आणि जिथे बांधल्यावाचून जीव वाचणार नाही तिथे हळदीची चिमूट. ही उलटी सवय सुलट करण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि तो तसा जावा, असेच मला वाटते.

सापाच्या दंशाला दोरी का नको, हे नुसते सांगून पटत नाही. कारण समजले तरच हात आवरतो. घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागेचे मांस नासवते आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. दोरी आवळली की विष त्या एका पायात कोंडते, रक्तपुरवठाही तुटतो आणि पाय काळानिळा पडू लागतो. वर, ती दोरी एकाएकी सोडली की कोंडलेले विष एकदम अंगात उतरते. त्यामुळे कोणी आधीच बांधून आणले असेल तर ती गाठ वाटेत सोडू नये, रुग्णालयात डॉक्टरांसमोरच सुटू द्यावी. चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, जखम धुऊन चोळणे, हे सगळे वर्ज्य. जोडवी, पैंजण, कडे, अंगठी मात्र ताबडतोब काढायची, कारण सूज चढल्यावर ती कापून काढावी लागतात. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी बांबूची कामटी लावून चावलेला पाय हलणार नाही असा ठेवायचा आणि माणसाला एक पाऊलही चालू न देता न्यायचे.

साप मारून पिशवीतून आणण्याचा हट्टही सोडायला हवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस, म्हणजे विष उतरवणारे प्रतिविष, चालते. मुंबईच्या हाफकिन या लसनिर्मिती संस्थेचे नाव त्यासाठी मजुरांनाही ठाऊक असते. फुरसे मुरमाड, दगडाळ जमिनीत असते आणि दगड किंवा सरपण उचलताना हाताला चावते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा सूज किंवा फारशी वेदनाही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात की अपचन झाले. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन गोष्टी मण्यारीपासून जितके वाचवतात तितके दुसरे काही वाचवत नाही.

रुग्णालयातल्या एका चाचणीविषयी मी मुद्दाम सविस्तर सांगते. डॉक्टर रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि नंतर नळी कलती करून रक्त गोठले आहे का ते पाहतात. न गोठलेले रक्त म्हणजे विषबाधा, आणि मग लस सुरू होते. सहसा पहिला डोसच 8 ते 10 कुप्यांचा असतो. बाहेर उभ्या नातेवाइकांना एवढेच दिसते की माणूस तळमळतो आहे आणि डॉक्टर काचेची नळी समोर ठेवून स्वस्थ बसले आहेत. त्यातून शिवीगाळ होते, कधी रुग्णाला उठवून मांत्रिकाकडे नेले जाते. नळीमागचे कारण आधीच ठाऊक असलेला एक जरी माणूस सोबत असला तरी ती वीस मिनिटे निभावतात. मांत्रिकांविषयीही माझा अनुभव असा की त्यांची टिंगल करून काहीच साधत नाही; त्यांना वर्गाला बोलावून पहिल्या रांगेत बसवावे. मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हणा, एवढी तडजोड बहुतेकांना मान्य होते.

विंचवाबद्दल थोडक्यात. लाल विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर धीर धरता येतो. पण दरदरून घाम, वारंवार उलटी आणि थंडगार पडलेले हातपाय दिसले की हृदयावर परिणाम सुरू झाला असे समजून निघावे. या विंचवावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे महाडमध्ये काम करताना दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हे सांगितले की वर्गात थोडी ताठ बसण्याची हालचाल होते.

आता कुऱ्हाडीकडे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून इथे हातांना सराव हवा. मी खाटकाकडून बोकडाची मांडी आणते, तिला खोल चीर देते आणि प्रत्येकाला त्या चिरेत पट्टीचे कापड बोटाने तळापर्यंत ठासायला लावते. "नंतर ही शिजवणार कोण?" हा प्रश्न ठरलेला असतो आणि हसूही ठरलेले. पण कापड वरवर ठेवणे आणि हाडाला लागेपर्यंत ठासून दोन्ही तळव्यांनी सगळा भार टाकून दाबणे यांतला फरक तिथे बोटांना कळतो. जांघ, खांदा, मान इथे गाठ बांधता येत नाही. पैकी जांघेत आणि खांद्याला कापड ठासणे हाच उपाय असतो, आणि मानेवर फक्त जखमेवरच दाब द्यायचा, गळ्याभोवती काही गुंडाळायचे नाही.

हातापायावरच्या जखमेचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळलेला पट्टा. सुतळी किंवा तार कातडीत रुतते, म्हणून उपरण्याची चार बोटे रुंद घडी घ्यायची, जखमेच्या चार बोटे वर गुंडाळायची, गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीही नाही. गाठीत दांडी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि दांडी बांधून टाकायची. दांडी म्हणून सागाची वाळकी काटकी घेतली तर ती ऐन वेळी मोडते. एका कूपातल्या तरुणाने खिशातली धार लावायची कानस काढून दिली. ती ना वाकली ना मोडली, तेव्हापासून मी कानसच सुचवते. पिळताना रुग्ण ओरडतो, त्याला भयंकर दुखते, आणि नेमके तिथेच बांधणाऱ्याचा हात सैल पडतो. पूर्वी दर थोड्या वेळाने गाठ सैल करायला शिकवत, ते आता शिकवत नाहीत. एकदा बांधलेली गाठ डॉक्टरच सोडतील. बांधल्याची वेळ रुग्णाच्या कपाळावर पेनाने ठळक लिहायची, कारण सुमारे दोन तासांनंतर त्या पायाला धोका वाढत जातो आणि किती वेळ उरला हे डॉक्टरांना त्या आकड्यावरूनच कळते.

न्यायचे कसे, यावर पुस्तकांत स्ट्रेचरची चित्रे असतात. आमच्याकडे घरोघरी बाज आहे आणि चार माणसांनी खांद्यावर घेतलेल्या बाजेइतके चांगले साधन तांड्यावर दुसरे नाही. बाज दूर असेल तर युरियाच्या दोन-तीन रिकाम्या गोण्यांचे खालचे कोपरे कापून त्यांतून दोन जाड बांबू ओवावेत. 108 ला फोन लावणाऱ्याने कक्ष क्रमांक सांगू नये. तो वनखात्याच्या नकाशावर बरोबर असला तरी फोन घेणाऱ्याला त्याचा काही बोध होत नाही. गावाचे नाव, डांबरी रस्त्यावरची ओळखीची खूण आणि तिथे गाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या माणसाचा नंबर सांगावा, आणि तो माणूस खरोखर आधी पाठवावा.

उन्हाळ्यात रोपवनाचे खड्डे खोदणारा माणूस बरळू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. सावलीत आडवे करून अंगावर भरपूर पाणी ओतायचे आणि वारा घालायचा. आधी थंड करायचे, मग हलवायचे. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही, पण काही वाचतही नाही. आग्या मोहोळ उठले तर पळणे हाच उपचार. नंतर नांग्या नखाने लगेच खरवडून काढाव्यात, आणि ओठ सुजले किंवा श्वासाला घरघर लागली तर रुग्णालय.

विजेबद्दल मराठवाड्याला सांगायला नको, रोहिण्या-मृगात आणि परतीच्या पावसात दरवर्षी माणसे जातात. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, ही भीती मात्र निराधार आहे. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. अनेकांना एकदम लागली असेल तर जो कण्हतो आहे त्याच्याकडे नंतर जावे आणि जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्या छातीवर आधी दाब सुरू करावेत : मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि येत असेल तर प्रत्येक 30 दाबांनंतर तोंडाने दोन श्वास. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मुकादमाच्या फोनमध्ये असावे. रेंज असेल तिथे ते वेळीच सावध करते.

प्रथमोपचार पेटीचे दुखणे जुने आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी ठेवायला सांगितले. झाडाखाली काम करणाऱ्यांच्या वाट्याला तसला नेमका आकडा आलेला मला तरी दिसला नाही. मी पाहिलेली एक पेटी कार्यालयाच्या कपाटात कुलपात होती, किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती आणि आत मुदत संपलेले मलम होते. कूपातल्या टोळीला अशी पेटी नको, मुकादमाच्या खांद्याला अडकवायची झोळी हवी. तिच्यात पट्टीच्या कापडाचे मोठे गुंडाळे, एक तयार टुर्निकेट, हातमोजे, कात्री, ओआरएसच्या पुड्या आणि पेन एवढे असले तरी पुष्कळ झाले.

वर्ग कधी घ्यावा, याचाही विचार व्हावा. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की बायका पहाटेच रानात जातात आणि दुपारी पुडे बांधत बसतात. तेव्हा ठेवलेल्या वर्गाला पुरुषच येतात, आणि पानांसाठी झुडपांत हात घालणाऱ्या बायका शिकायच्या राहतात. म्हणून मार्चमध्ये, तांड्यावरच, संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी एक वर्ग आणि पाऊस लागण्यापूर्वी मेअखेरीस त्याचीच उजळणी, असे वेळापत्रक यंदा मी संबंधितांना लिहून दिले आहे. उजळणीला गोरमाटी ही तांड्यावरची बंजारा बोली बोलणारी एखादी आशाताई सोबत असावी, असेही त्यात सुचवले आहे.