हेर पकडला, आता त्यालाच कामाला लावा

काउंटर-इंटेलिजन्स म्हटलं की आपल्याला वाटतं हेर शोधा, पकडा, गोळी घाला, विषय संपला. पण दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये जर्मनांनी जे केलं ते वाचलं की कळतं, पकडल्यावरच खरं काम सुरू होतं.

मार्च 1942. हेगमध्ये लंडनने पाठवलेला लौवर्स नावाचा डच वायरलेसवाला सेटसकट सापडला. जर्मन लष्करी गुप्तचर खात्याच्या, म्हणजे आबवेरच्या, गिस्केसने त्याला म्हटलं, लंडनशी बोलणं चालू ठेव. हा तयार झाला, कारण त्याच्याकडे हुकमाचा पत्ता होता: प्रत्येक मेसेजमध्ये दर सोळाव्या अक्षराला मुद्दाम चूक करायची, चूक दिसली नाही की लंडनने समजायचं माणूस शत्रूच्या हातात आहे. जर्मनांना त्याने थाप मारली की खूण म्हणजे 'स्टॉप' शब्दातलं एक अक्षर बदलायचं, आणि त्यांनाही ते पटलं!

मग बिनचुकीचे मेसेज जायला लागले आणि लंडनमधल्या एसओईच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखात एजंट उतरवणाऱ्या ब्रिटिश गुप्त संघटनेच्या, साहेबांनी काय केलं, तर काहीच नाही, उलट पुढचा माणूस कुठे उतरवायचा ते कळवलं. मग काय, विमानं येत राहिली, पॅराशूट उतरत राहिले आणि खाली स्वागताला जर्मनच. 50च्या वर एजंट असे हातात गेले, शस्त्रं, स्फोटकं, वायरलेस सेट वेगळेच. एसओईचंच कोडचं काम बघणाऱ्या लिओ मार्क्सला शंका आली होती, की हॉलंडचे मेसेज कोड करताना कधीच कसे गडबडत नाहीत, अंगावर धोका असताना माणूस चुकणारच ना? पण वरच्यांनी मनावर घेतलं नाही. एवढं नेटवर्क उभं केल्यावर ते शत्रूच्या खिशात आहे हे कबूल कोण करणार? गिस्केस हुशार होताच, पण माझ्या मते त्याचं अर्धं काम लंडननेच केलं.

सगळ्यात चीड येते ती पकडलेल्या एजंटांपैकी उबिंक आणि डाउर्लाइनची गोष्ट वाचून. हे दोघं ऑगस्ट 1943 मध्ये हॉलंडमधल्याच हारेनच्या तुरुंगातून निसटले, कसेबसे स्वित्झर्लंडला पोचले, सगळं सांगितलं. तोवर गिस्केसने ताब्यातल्या सेटवरून कळवून टाकलं होतं की हे दोघं जर्मनांना फितूर झालेत. 1944 मध्ये इंग्लंडला पोचल्यावर त्यांना मिळालं काय, तर ब्रिक्स्टनचा तुरुंग. पकडलेल्या बाकीच्यांपैकी बहुतेकांना त्याच वर्षी सप्टेंबरात माउथाउझेन छळछावणीत मारून टाकलं.