पाच मिनिटं बसायला नऊ महिने

पोळ्याला घरी आले. नागपूरला प्रतापनगरच्या घरात बॅग नीट टेकलीही नव्हती, तोच कळमेश्वरहून मामाचा फोन. प्रवास कसा झाला, तब्येत कशी, काही नाही. थेट, "काहून वं, बसली का मंग त्याच्यावर?"

त्याच्यावर म्हणजे फिनवर, जर्मनीत मी ज्याला शिकवायला मदत करते त्या कोवळ्या घोड्यावर. गेल्या सप्टेंबरपासून मामा दर रविवारी फोनवर फिनपुराण ऐकतोय. आज त्याला मागे सरकायला शिकवलं, आज पाठीवर नुसता टॉवेल ठेवला, असं मी कौतुकाने सांगायचे आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "इतक्या दिवसात आपुन दोन गोऱ्हे वखराले लावले असते."

यंदा सांगता आलं, हो, बसले. मे महिन्यात. पाच मिनिटं.

"पाच मिनिटासाठी नऊ महिने?" हे मामी, स्पीकरवरून.

फिनवर बसलेला माझा फोटो पाहून तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी हेच विचारलं होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मी ब्रेमेनला नोकरी करते. तिथून पाऊण तासावर फेर्डन नावाचं गाव आहे, हानोव्हर जातीच्या घोड्यांचं माहेरघरच म्हणा. गावात घोड्यांचं संग्रहालय आहे, घोड्यांचे लिलाव होतात, आणि ज्या राज्यात ते येतं त्याच्या राजचिन्हावरच पांढरा घोडा उधळलेला आहे. माझा घोड्यांशी तोवरचा संबंध झिरो माइलच्या चार घोड्यांपुरता आणि ताईच्या दिराच्या वरातीतल्या घोडीपुरता. तरी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एका सहकारिणीच्या नादाने रिकिबीत पाय घातला. चार वर्षं एका एकोणीस वर्षांच्या शहाण्या घोडीवर शिकले. मी काय चुका करणार हे तिला माझ्याआधी कळायचं. त्या घोडीच्या मालकीणबाई फेर्डनजवळच्या खेड्यात राहतात, वय साठीच्या पुढे, पागेत सात घोडे. फिन त्यांचाच.

त्याचं नाव 'फ'वरून का, तर बापाचं नाव फ-वरून. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं, तिथे बापाच्या नावावरून. त्याला पासपोर्टही आहे, आणि मानेत चिप. पासपोर्टासाठी त्याच्या घरी कोणी पोलीस चौकशीला आला नव्हता, एवढं मी बाबांना मुद्दाम सांगितलं.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट केली होती. नवशिक्या स्वाराला म्हातारा घोडा, कोवळ्या घोड्याला मुरलेला स्वार. म्हणजे तीन वर्षांच्या फिनवर पहिल्यांदा बसणार ती मी नाही. त्यासाठी एक मुलगी यायची, जिने रीतसर तीन वर्षांचं घोडेपालनाचं शिक्षण घेऊन परीक्षा दिलेली आहे. फेर्डेविर्ट म्हणतात तिथे. माझं काम जमिनीवरचं. मला तेव्हा थोडा रागच आला होता. चार वर्षं शिकून आता दोर धरायला उभं करतात म्हणून.

पण सगळी गंमत जमिनीवरच आहे, आणि धोकाही. साडेपाचशे किलोचं जनावर शेजारी चालतं तेव्हा त्याने रागाने काही करायची गरजच नसते. नुसता दचकला तरी आपला पाय त्याच्या टापेखाली. घोडा मुळात पळणारा प्राणी. डोळे बाजूला, त्यामुळे मान न हलवता जवळपास ३५० अंशांचं त्याला दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून त्याच्याकडे जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. मी मराठीत बोलायचे. "आले रे बाबा, मीच आहे." बाईंना वाटायचं ही काहीतरी मंत्र म्हणते. मागून जायची वेळच आली तर एकतर अंगाला हात लावून अगदी चिकटून जायचं, नाहीतर दोन पुरुष लांब राहून. मधलं अंतर सर्वांत वाईट, कारण लाथेचा पुरा जोर तिथेच बसतो.

सप्टेंबर ते डिसेंबर आम्ही एवढंच केलं. चाल म्हटलं की चालणं, थांब म्हटलं की थांबणं, खांद्याला बोट लावलं की बाजूला होणं. दोन्ही बाजूंनी. डावीकडून रोज पाहिलेली बादली उजवीकडून दिसली की स्वारी पुन्हा बुजायची, जणू बादली या जगात आजच आली.

ऑक्टोबरात माझी पहिली चूक झाली. सकाळी थंडी होती, पण हातमोजे गाडीत राहिले होते. पाच मिनिटांचं काम म्हणून तशीच गेले, आणि वर दोराचा एक वेढा पंज्याला घेतला. कुरणाच्या कडेला गवताचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, त्यातलं एक प्लास्टिक वाऱ्याने फडफडलं. फिन जागच्या जागी फिरला. वेढा एकच होता म्हणून निसटला, पण जाताना तळहाताची साल घेऊन गेला. बाई ओरडल्या नाहीत. पाण्याखाली हात धरला, मलमपट्टी केली, आणि मग शांतपणे विचारलं, दोन वेढे असते तर तुला कुरणाच्या कुठल्या टोकाला शोधायचं होतं? तेव्हापासून दोर घड्या घालून धरते, वेढा घेत नाही. बांधतानाही घोडा थेट लोखंडी कडीला बांधत नाहीत. कडीला आधी सुतळीचा फास आणि त्यात दोराची सरकगाठ. बिथरून ओढलं तर सुतळी तुटावी, मान नव्हे.

हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "कासरा हाताले गुंडाळू नये हे सांगाले जर्मनीची बाई कशाले पाहिजे?" आता याला काय उत्तर देणार.

माझ्यासाठी सर्वांत कठीण होतं ते सोडणं. घोड्याला काही सांगायचं म्हणजे थोडा दाब द्यायचा, दोराचा, बोटाचा, नंतर पोटरीचा. त्याने बरोबर हालचाल केली की त्याच क्षणी दाब काढायचा. तो शिकतो ते दाब सुटल्यावर. आपण एक-दोन सेकंद उशिरा सोडला तर त्याने मधे जे काही केलं असेल, मान झटकली असेल, पाय आपटला असेल, तेच बरोबर होतं असं त्याच्या डोक्यात बसतं. मी कायम उशिरा सोडायचे. सीताबर्डीत हॉर्नवर अंगठा दाबून धरणारे असतात ना, तशी. त्यांच्यासाठी कोणी बाजूला होत नाही, कारण झालं तरी हॉर्न वाजतच राहतो. हे माझ्या डोक्यात उतरलं तेव्हा जानेवारी उजाडला होता.

आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्याला जुना शब्द आहे चाबूकस्वार. चाबूक आधी, स्वार नंतर. तसा बाईंच्या हातातही लांब चाबूक असतो, फिनला मोठ्या दोरावर गोल फिरवताना. पण तो म्हणजे लांबवलेला हात, दिशा दाखवायला. त्याला लागलेला मी पाहिला नाही. गोल फिरवणंही वीस मिनिटांच्या वर नाही, दोन्ही अंगांनी सारखं, कारण सतत वळणावर धावून कोवळे सांधे दुखावतात.

घाई का नाही, याचं एक कारण हाडांत आहे. हाडांच्या टोकांशी कुर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून हाड वाढतं. खुराजवळच्या पट्ट्या लवकर पक्क्या होतात, पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या दोन-अडीच वर्षांनी, आणि पाठीच्या मणक्यांच्या सर्वांत शेवटी, घोडा पाच-सहा वर्षांचा झाल्यावर. म्हणजे आपण बसतो तीच जागा सर्वांत उशिरा तयार होते. बाहेरून मात्र तीन वर्षांचा फिन पुरता घोडा दिसतो. शिवाय अडीच ते साडेचार वर्षांत पुढचे दुधाचे दात पडत असतात. दाढेच्या पुढे एक छोटासा निरुपयोगी दातही अनेक घोड्यांना असतो, लगामाची कडी त्यावर आपटली तर घोडा मान फेकतो आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. फिनचा तो दात डॉक्टरांनी आधीच काढला. दातांचं मामाला एकदम पटलं. दोनदाती, चारदाती पाहूनच तो बैल घेतो.

मार्चमध्ये खोगीर चढलं. आधी नुसतं हुंगायला दिलं. मग पाठीवर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकेक भोक करत आवळला, प्रत्येक भोकानंतर थोडं चालवून. एकदम आवळला तर पाठ कमानीसारखी वर येते आणि पुढचे दोन मिनिटं सर्कस. त्या दिवशी एका भोकाची घाई झालीच, माझ्याकडूनच, आणि सर्कस आम्ही कुंपणापलीकडून पाहिली.

मग पालथं पडणं. यावर मामी खूप हसली. ती फेर्डेविर्ट मुलगी पोटावर, पोत्यासारखी, खोगिरावर आडवी. मी फिनच्या डोक्याशी, बाई तिला गुडघ्याखाली हात देऊन वर चढवणाऱ्या. दोन पावलं, खाली. पुन्हा वर, चार पावलं, खाली. आडवं पडलेलं माणूस घसरून पायावर उतरू शकतं, पाय टाकून बसलेलं नाही, म्हणून आधी हे. तिघींपैकी एक जण जरी नसेल तर त्या दिवशी काम नाही. एकदा मी तापाने आले नाही, तर दोघींनी फिनला नुसता खरारा करून सोडून दिलं.

अंगावरचं सामान ठरलेलं. शिरस्त्राण, टाचेचे बूट, छाती-पाठीचं संरक्षक जाकीट. टाच अशासाठी, की पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये. पडल्यावर रिकिबीत अडकून फरफटणं हे पडण्यापेक्षा वाईट. शिरस्त्राणावर एकदा जोरात आपटलात तर ते बदलायचं, बाहेरून चांगलं दिसत असलं तरी, कारण आतला थर एकदाच चिरडतो. आपल्या दुचाकीच्या हेल्मेटचंही तसंच आहे, पण रिंगरोडवर ते आरशाला लटकलेलं असतं, तिथे चिरडायचं काय. फिनच्या गळ्यात एक पट्टाही असतो. तोल गेला तर तो धरायचा, लगाम ओढून त्याच्या तोंडाला शिक्षा करायची नाही. आणि फोन आपल्या खिशात, खोगिराच्या पिशवीत नाही. घोडा पळाला तर फोन त्याच्याबरोबर जातो.

कायद्याचंही आहे. घोड्याने कोणाला इजा केली तर जर्मन दिवाणी संहितेच्या ८३३व्या कलमाने मालक जबाबदार. छंदाच्या घोड्याच्या बाबतीत माझी चूक नव्हती म्हणून सुटका नाही. त्यामुळे विमा. बाईंची सावधगिरी निम्मी प्रेमापोटी आणि निम्मी या कलमापोटी असावी, असं मला कधी कधी वाटतं.

एप्रिलमध्ये ती मुलगी सरळ बसली, पुढे माझी जुनी घोडी. त्या घोडीला तिथे फ्यूरफेर्ड म्हणतात, वाट दाखवणारा घोडा. पुढचा शांत चालला की मागचा चालतो. मी हे मोठ्या अप्रूपाने मामाला सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे गोऱ्ह्याले म्हाताऱ्या बैलासंग जुपतो तसंच ना." तसंच. त्या रविवारी पहिल्यांदा त्याने नांगर-वखराचा हिशेब मांडला नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी बाईंनी मला नुसतं म्हटलं, चल. पाच मिनिटं, पावलाच्या चालीने, घोडीच्या मागे. उंचीवरून तोच गोठा, तेच गठ्ठे, तेच प्लास्टिक. फिनचे कान माझ्याकडे मागे वळायचे आणि पुन्हा पुढे. मी श्वास धरून ठेवला होता, तो मी सोडला तेव्हा त्यानेही नाकातून फुर्र केलं. उतरले. पाय लटपटत होते. फोटो तेव्हाचा.

त्यानंतर त्याला काही महिन्यांसाठी कुरणावर सोडून दिलंय, काही काम नाही. वाढू दे. कामाला पुन्हा ऑक्टोबरात.

काल, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला आम्ही कळमेश्वरला गेलो. मामाकडे ट्रॅक्टर आला तरी एक जोडी ठेवलीच आहे, आणि यंदा एक नवा गोऱ्हा, दोनदाती, अजून बुजरा. मामीने हळद-लोणी खांद्याला चोळलं, मामाने कानात आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोऱ्ह्याने कान टवकारले आणि मागे सरकला. मामाने कासरा माझ्या हातात दिला.

"धर. पण हाताले गुंडाळू नको."

मी तळहात उघडून त्याला दाखवला.