हो, मला ते काळं खरंच आवडतं

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि यंदाच्या गणपतीत आरतीनंतर चारचौघींत पुन्हा विचारलं गेलं म्हणून, एकदाच लिहून टाकते. प्रश्न नेहमीचाच: "तू ते मार्माइट खरंच आवडीनं खातेस, की इथं राहून राहून सवय लागलीय?" मार्माइट म्हणजे टोस्टवर लावायचा, यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट लेप.

मुंबईहून विचारणाऱ्यांना मुळात 'फारच विलायती झालीस' एवढं म्हणायचं असतं. इंग्लंडात, डर्बीतल्या माझ्या ऑफिसात तऱ्हा उलटी. सकाळी टोस्टवर ते पसरताना मी दिसले की कुणीतरी हमखास कौतुक करतं. नागरिकत्वाच्या परीक्षेत याचा पेपर नसतो, हे मला त्यांना सांगावंसं वाटतं. एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत आहे: परळमध्ये वाढलेल्या बाईला हे मनापासून आवडणं शक्यच नाही.

कंपनीनंही यात भर घातलीय. १९९६पासून त्यांची जाहिरात एकच सांगते, की एकतर हे तुम्हाला भयंकर आवडेल, नाहीतर किळस येईल. मधे कुणी नाहीच. साफ खोटं. मी कित्येक वर्षं मधेच होते. बरणी घरात असायची, नवरा रविवारी खायचा, मी झाकण पुसून जागेवर ठेवायचे. ना आवड, ना किळस.

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो: "दारूचं असतं ना ते?" हो, बिअरच्या कारखान्यातूनच येतं. १९०२ साली कंपनी निघाली ती बर्टन-अपॉन-ट्रेंटला, कारण तिथं बास नावाच्या बिअर कंपनीची मोठी ब्रुअरी होती आणि बिअर झाल्यावर उरलेल्या यीस्टचं करायचं काय, हा ब्रुअरीवाल्यांपुढचा प्रश्न होता. ते यीस्ट आटवून, बरणीत भरून खाता येतं हे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आधीच उमगलं होतं. मीठ आणि ऊब मिळाली की यीस्टच्या पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी आतून विरघळतात. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात, आणि त्यातल्या ग्लुटामिक आम्लामुळे खाणाऱ्याला वाटतं की यात मटणाचा रस्सा आटवलाय. मग सालं बाजूला काढायची आणि उरलेलं घट्ट होईपर्यंत आटवायचं. मांसाचा कणही नाही त्यात. ज्यांना यीस्टचाच विटाळ होतो त्यांनी गोव्याचा पाव आठवावा. तो पिढ्यानपिढ्या नारळाच्या माडीवर फुगवला गेलाय, आणि येताना पिशवी भरून आणणाऱ्यांत आमच्या नात्यातले भलेभले आहेत.

पण ही झाली वकिली. खरं कारण सांगायचं मी टाळते, कारण त्यात आई आहे.

मला दिवस गेले तेव्हा 'तिसऱ्यानंतर उलट्या थांबतात' असं सगळ्यांनी सांगितलं होतं. माझ्या थांबल्या नाहीत. मोहरी तडतडली की मी बाथरूमकडे धावायची. पुढं पुढं भाताची वाफसुद्धा सोसेना. मिडवाइफ म्हणाली, उठल्या उठल्या टोस्ट खाऊन बघ, काहीतरी खारट लावून. नवऱ्यानं हाताशी होतं ते लावून दिलं. ते पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. एवढीच ती सुरुवात. त्यात विलायतबिलायत काही नव्हतं.

सातव्यात आई आली. बॅगेत कपडे थोडे, बाकी अळीव, डिंक, खारीक, मेतकूट, आमसुलं. माझं लग्न कोर्टात झालं, घर आम्ही आमचं आम्ही लावलं, तिला माझ्यासाठी काही करायला मिळालंच नव्हतं. निदान डोहाळे तरी पुरवीन, हे ती विमानात बसायच्या आधी महिनोन्‌महिने घोकत असणार. आणि इथं तिनं कढईला हात लावला की लेक पळ काढतेय. तिनं किती सोसलं हे मला तेव्हाही दिसत होतं, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारीच्या थंडीत अंगात कोट घालून, खिडकी सताड उघडी टाकून ती फोडणी द्यायची, म्हणजे वास माझ्यापर्यंत पोचू नये. मी चार घास खायचे आणि ते बाहेर पडायचे. सकाळचा टोस्ट तेवढा टिकायचा, आणि ते ती रोज समोर बसून बघायची.

मग डोहाळजेवण. मंडळातल्या बायका आल्या, हिरवी साडी झाली, वाट्या झाकून पेढा की बर्फी झालं. आई पहाटेपासून उभी होती. पुरणपोळ्या, मसालेभात, आणि कुठूनशी गोठवलेली अळूची पानं मिळवून केलेल्या वड्या. ताट माझ्यापुढं आलं, मी घास घेतले, आणि व्हायचं ते झालं. बायका समजूतदार होत्या, त्यांनी गाणी सुरू केली. मी तोंड धुऊन बैठकीत न जाता स्वयंपाकघरात गेले आणि टोस्टर लावला. भूक लागली होती. सातव्या महिन्यात काही खाल्लं नाही तर चक्कर येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

आई पाण्याचा जग भरायला आत आली. तिच्या मागे आणखी दोघी. माझ्या हातात अर्धा टोस्ट.

"माझ्या हातचं उलटून पडतं आणि हे वंगण पोटात टिकतं होय?"

मागच्यांपैकी एक हसली. तिला वाटलं आई गमतीनं म्हणतेय. मी म्हणाले, "हो, टिकतं." त्याहून जास्त बोलायला सुचलं नाही, आणि आजही त्याहून वेगळं काय बोलायला हवं होतं ते कळत नाही. टिकतच होतं. आईनं जग भरला, बाहेर गेली, आणि सगळ्यांना आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा टेबलावर बशी तयार होती. तिनं स्वतः टोस्ट भाजले होते आणि त्यांवर मार्माइट फासलं होतं, भाकरीवर लोणी फासावं तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जाड. शंभर ग्रॅममागे जवळपास ११ ग्रॅम मीठ असतं त्यात. सुरीच्या टोकावर मावेल एवढंच लावायचं असतं. "खा," म्हणाली, आणि समोर बसली. मी खाल्लं. सगळं खाल्लं. जीभ चरचरत होती, आणि मी एक शब्द बोलले नाही, तीही नाही. बशी रिकामी झाल्यावर तिनं पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि उठून भांडी घासायला घेतली.

ती माघार होती की राग? मी टोस्ट कसा लावते हे ती रोज बघत होती. जाड लावायचं नसतं हे तिला कळलं नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. पण कळूनही प्रेमानं जास्त वाढणारी बाई आहे ती. तुपाच्या बाबतीत तर हमखास. बऱ्याच वर्षांनी फोनवर विचारलं. "मला नाही आठवत," म्हणाली. १९८२च्या संपात कुणाकडून किती तांदूळ उसने आणले ते तिला आजही आठवतं.

त्यानंतर कधीतरी मला ल्यूसी विल्स सापडली, आणि काही काळ मी फार चढून गेले. ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या फुगून मोठ्या व्हायच्या. बायका त्यानं दगावत. विल्सबाईंनी त्यांचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी गुण आला तो चक्क मार्माइटनं. १९३१ साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. यीस्टमधला तो गुणकारी घटक पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅमची जी गोळी मला इथं घ्यायला सांगितली होती, तिची पाळंमुळं आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

मी लगेच आईला फोन लावला. बघ, म्हटलं, आपल्या परळमध्येच शोध लागला, गिरणीतल्याच बायका होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना खायला मिळत नव्हतं म्हणून औषध दिलं. तुला मी पुरणपोळी देत होते."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या काळातली मी हीच गोष्ट प्रत्येक विचारणाऱ्याच्या तोंडावर फेकायची: हे परळचं आहे, म्हणजे माझंच आहे. आता ते आठवताना हसू येतं. माझी पणजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती हे खरं, पण म्हणून तिचा आणि विल्सबाईंचा संबंध जोडायचा? आणि जोडला तरी माझ्या जिभेला त्याचं काय? टोस्टवर चव लागते ती लागते. तिला परळचा दाखला कशाला हवा?

मग आवडतं का? २०२०मध्ये पब बंद झाले, बिअर कमी झाली, तसं यीस्टही कमी पडलं आणि कंपनीनं २५० ग्रॅमची बरणी सोडून बाकी सगळे आकार थांबवले. तेव्हा त्या बरणीसाठी मी पावसात गावभर दुकानं पालथी घातली. निव्वळ सवयीपायी माणूस एवढं करतं का? करतंही. चहासाठी करतंच की. उलट्या झाल्या नसत्या तर मी आजही झाकण पुसून बरणी जागेवर ठेवत असते का? बहुतेक हो. पण असं तर कशाबद्दलही म्हणता येईल. एखादं स्थळ सांगून आलं म्हणून झालेल्या लग्नात पुढं प्रेम बसलं, तर ते प्रेम खोटं ठरतं का? नाही ठरत. पण मी हे जरा जोरातच म्हणतेय, तेही मला कळतंय.

करूनच बघायचं असेल तर नीट करा. टोस्ट कढत हवा, लोणी आधी, ते विरघळत असतानाच वरून मार्माइट, आणि इतकं कमी की खालचा टोस्ट दिसला पाहिजे. चमच्यानं चाखून तोंड वाकडं करणाऱ्यांशी मी बोलत नाही. मीठसुद्धा कुणी चमच्यानं खात नाही. जिच्यापायी हे सगळं झालं ती लेक याला हात लावत नाही. तिला टोस्टवर तूप-साखर लागते, आणि आई ते मला दर फोनवर ऐकवते.

आणि आता 'मग व्हेजमाइट का नाही' असं विचारू नका. पहिल्या महायुद्धामुळे ऑस्ट्रेलियात मार्माइट पोचेना, म्हणून मेलबर्नला कॅलिस्टर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्याऐवजी व्हेजमाइट बनवलं आणि १९२३ साली ते बाजारात आलं, हे मला माहीत आहे. तेही यीस्टचंच, तेही काळंच. मी खाऊन पाहिलंय. मला अजिबात आवडत नाही, आणि त्याला काहीही कारण नाही.