वधाचे चित्र की खटल्याचे?

रविवार, रात्र

शार्ल मोने यांनी रेखाटलेले आणि एल्मान यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या शिरच्छेदाचे चित्र आता ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर छापून घराच्या भिंतीसाठी विकले जाते. आज दुपारी छपाईवाल्याकडे त्याचा नमुना पाहिला आणि तेव्हापासून मन त्यातच गुंतले आहे. अभ्यासिकेच्या मोकळ्या भिंतीवर फ्रेंच राज्यक्रांतीतील एखादा प्रसंग असावा, अशी इच्छा फार दिवसांची आहे. पण खटले आणि देहदंड यांची चित्रे एकापुढे एक मांडल्यावर, यांतले कोणते रोज डोळ्यांसमोर ठेवायचे, याचा निर्णय चटकन होईना.

छपाईची रीत त्याने समजावून सांगितली. चित्र आधी कागदावर उलटे छापतात, तो कागद विशिष्ट लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत दाबतात, आणि रंग वायुरूप होऊन त्या लेपात मुरतो. एल्मान यांनाही तांब्यावर चित्र उलटेच कोरावे लागले असणार. मात्र तेव्हा धातू कारखान्यात राहत असे आणि लोकांच्या हाती कागद पडत असे; आता तो धातूच भिंतीवर येतो, आणि त्यामुळे चित्राचा भाव बदलतो. पत्र्याला पांढरा थर दिलेला नसेल, तर चित्रातल्या उजळ जागी खालचा ॲल्युमिनिअमच चमकतो. त्या नमुन्यात आकाश आणि संगिनींच्या रांगा नेमक्या तशा चमकत होत्या. मूळ कोरीवकामात जे करड्या रेघांचे, थंड आणि जवळजवळ सरकारी नोंदीसारखे आहे, ते इथे एखाद्या सोहळ्यासारखे दिसत होते.

चित्र मात्र विलक्षण बारकाईने रचलेले आहे. प्रसंग २१ जानेवारी १७९३चा, स्थळ पॅरिसमधील क्रांती चौक, ज्याला आज काँकोर्ड चौक म्हणतात. वधमंचावरून राजाचे शिर उंचावून सैन्याला दाखवले जात आहे, भोवती सैनिकांचे कडे आहे, आणि जवळच एक उंच चौथरा रिकामा उभा आहे. त्या चौथऱ्यावर लुईच्या आजोबांचा, म्हणजे पंधराव्या लुईचा, अश्वारूढ पुतळा होता. तो आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाडण्यात आला. मला या चित्रातला सर्वांत बोलका भाग तो चौथराच वाटतो. सैनिकांचे चेहरे मोठ्या आकारातही ठिपक्यांएवढेच राहतात. कोण हळहळले आणि कोण आनंदले, हे त्यांवरून कळत नाही.

दुसरा नमुना चित्रकार दाविदने काढलेल्या राणी मारी आंत्वानेतच्या रेखाचित्राचा होता. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी तिला गाडीतून वधस्थानाकडे नेताना त्याने लेखणीने मोजक्या रेघा ओढल्या: कापलेले केस, साधी टोपी, पाठीमागे बांधलेले हात, खाली ओढलेली ओठांची कड. हाच दाविद लोकप्रतिनिधी म्हणून राजाच्या मृत्यूच्या बाजूने मत देऊन चुकला होता. त्या रेघांत दया आहे की द्वेष, हे मला कधीच ठरवता आलेले नाही. पण चकचकीत पत्र्यावर कागदाचा मळकट रंग नाहीसा होतो आणि रेघा जाहिरातीतल्यासारख्या ठसठशीत होतात. हे चित्र धातूवर छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वधाच्या चित्रांबद्दल माझी खरी अडचण मात्र छपाईची नाही. अशी चित्रे तेव्हा एका बाजूने विजयाची खूण म्हणून विकली, तर राजनिष्ठांनी राजाच्या कुटुंबाशी झालेल्या शेवटच्या भेटीची चित्रे शोकासाठी जपली. दोन्हींत निर्णय होऊन गेलेला आहे. पाहणाऱ्याला फक्त बाजू घ्यायची असते. खटल्याच्या चित्रात अजून कोणीतरी उठून नाही म्हणू शकतो.

आणि लुईच्या खटल्यात तसे म्हणणारे होते. कन्व्हेन्शन, म्हणजे खटला चालवणारी लोकप्रतिनिधींची सभा, तेव्हा त्विलरी राजवाड्याजवळच्या घोडेस्वारी शिकवण्याच्या सभागृहात भरत असे. १६ जानेवारीच्या संध्याकाळपासून एकेक सभासद व्यासपीठावर चढून शिक्षेविषयीचे आपले मत सर्वांसमक्ष मोठ्याने सांगत होता, आणि हे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालले. ७२१ पैकी ३६१ जणांनी विनाअट मृत्युदंड मागितला. राजाचा चुलतभाऊ ड्यूक ऑफ ऑर्लेआन्स यानेही मृत्यूच्याच बाजूने मत दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याचाही शिरच्छेद झाला. सत्तरी ओलांडलेल्या मालझेर्ब यांनी राजाचे वकीलपत्र आपण होऊन घेतले होते. १७९४च्या एप्रिलमध्ये त्यांना मुलगी आणि नात यांच्यासह गिलोटिनवर जावे लागले.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो याच सभेचा सभासद, इंग्रज लेखक थॉमस पेन. राजेशाहीचा तो कट्टर शत्रू, तरी राजाला मारू नये, त्याला अमेरिकेत हद्दपार करावे, असे त्याने मांडले. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते, म्हणून तो व्यासपीठावर मुकाट उभा राहिला आणि त्याच्या भाषणाचे भाषांतर दुसऱ्या सभासदाने वाचले. मध्येच मारा या जहाल सभासदाने आक्षेप घेतला की, हा क्वेकर, म्हणजे हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा आहे, देहदंड याच्या धर्मातच बसत नाही, तेव्हा याचे मत धरू नये. त्या वर्षाच्या अखेरीस पेन स्वतः तुरुंगात गेला. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्याचे विचार वाचले आणि मनावर घेतले, तो हाच पेन. त्या सभागृहाशी आपल्या पुण्याचे इतके नाते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे १० जून १७९४च्या कायद्याने आरोपीचा वकीलच काढून घेतला आणि क्रांतिकारी न्यायाधिकरणापुढे सुटका किंवा मृत्यू एवढे दोनच निकाल ठेवले. त्यानंतरच्या खटल्यांत व्यासपीठावर उभा राहून नाही म्हणणारा पेन किंवा मालझेर्ब शक्यच नव्हता. खटल्याचे चित्र हवे ते म्हणूनच १७९२च्या डिसेंबरमधले, लुई सभागृहापुढे उभा आहे आणि प्रश्नोत्तरे चालू आहेत, त्या प्रसंगाचे.

छपाईवाल्याच्या नमुन्यांत ते नव्हते. लोक वधाचेच मागतात, असे तो म्हणाला. मी त्याला जुन्या कोरीव चित्राची स्वच्छ प्रत मिळवून देणार आहे. पत्रा पांढऱ्या थराचा आणि मॅट हवा, रेघा मूळ करड्याच ठेवाव्यात, आणि मागच्या बाकांवर बसलेले प्रतिनिधी कडेला कापले जाऊ नयेत, एवढे त्याला लिहून दिले आहे.