आमची वाटचाल : माटोळीच्या कड्या ते भिंतीतला बोल्ट

गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीतल्या आमच्या जुन्या घरात चौकाच्या वाशांना चार लोखंडी कड्या आहेत. वर्षभर त्या नुसत्याच असतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की माळ्यावरची लाकडी चौकट खाली येते, या कड्यांना बांधली जाते आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, दोडकी, भोपळे, रानातली फळं असं सगळं लटकतं. ती आमची माटोळी, गणपतीच्या डोक्यावरची. २०२० च्या जुलैत माझ्या नवऱ्याने याच कड्यांना दोरी लावून आपली सायकल टांगली. सोप्यावर ठेवली की पावसाच्या झोताने दोन दिवसांत साखळी गंजायची, आत आणली की कोणाचं तरी पाऊल पेडलवर आपटायचं. सासूबाई मागच्या दाराने आत आल्या, वर पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "देव खंय बसतलो?" (देव कुठे बसणार?)

त्या वर्षी चवथ २२ ऑगस्टला होती. सायकल २० तारखेला खाली उतरली. पण तोवर शेजारच्या तिघांनी ती पाहिली होती, आणि तिघांनीही विचारलं होतं, आमच्या फ्लॅटमध्ये वासे नाहीत, तिथे काय करायचं?

माझं माहेर डिचोलीचं, वडील सुतार. सासरी ग्रिल आणि गेटचं वर्कशॉप. लॉकडाऊनमध्ये दोन्हीकडचं काम थांबलं होतं, आणि नेमक्या त्याच काळात फोंड्यात जो तो सायकल घेत होता. जिम बंद, बाहेर पडायला एक निमित्त हवं, असा सगळा मामला. सायकली आल्या, पण त्या ठेवायच्या कुठे याचा विचार घेताना कोणी केला नव्हता. बिल्डिंगच्या जिन्यात लावली तर जाण्यायेण्याची वाट अडते आणि वरच्या मजल्यावरून आरडाओरडा होतो. स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, लावली तर सीट भिजते, नाहीतर चोरीला जाते.

म्हणून आम्ही घरात सायकल टांगायचे हुक बनवायला घेतले. पहिला माल अगदी साधा होता. दहा एमएमच्या सळईचा वाकवलेला हुक, रिमला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर बागेच्या पाइपचा तुकडा आणि मागे चार इंची पट्टी. किंमत अडीचशे रुपये. महिन्याभरात तीसेक गेले. आम्हाला वाटलं, जमलं.

मग पर्वरीहून रात्री अकराला फोन आला. हुक सायकलसकट खाली आला होता आणि खालचा चपलांचा रॅक मोडला होता. सकाळी जाऊन पाहिलं तर बोल्ट शाबूत. तो भिंतीतून सुटला नव्हता, चिऱ्याचा, म्हणजे भिंतीच्या तांबड्या जांभ्या दगडाचा, लिंबाएवढा तुकडाच सोबत घेऊन आला होता. त्या गृहस्थांनी आवाज चढवला नाही, चहा दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. रॅकचे पैसे आणि गिलावा दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला, आणि विकलेल्या उरलेल्या सगळ्या हुकांच्या घरी जाऊन पट्ट्या बदलल्या.

का पडलं ते नवऱ्याने मला वहीवर आकडे मांडून दाखवलं. सायकल पंधरा किलोची, हुक भिंतीपासून तीस सेंटिमीटर पुढे. पट्टीवरचे दोन बोल्ट एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर असतील तर वरच्या बोल्टवर पंचेचाळीस किलोची ओढ येते. तेच अंतर तीस केलं की ओढ पंधरावर येते. सायकल तीच, हुक तोच, फक्त मागची पट्टी लांब. आम्ही लोखंड वाचवायला पट्टी आखूड ठेवली होती. वाचलेलं लोखंड एका नगामागे वीस रुपयांचंही नव्हतं.

दुसरी गोष्ट चिऱ्याची. गोव्यात घर म्हटलं की चिरा आलाच. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, पण अंगभर छिद्रं ती छिद्रंच. साधा फास्टनर घट्ट केला की आत फुगतो आणि दगडाला बाजूला ढकलतो. काँक्रीटमध्ये हे चालतं, चिऱ्यात दगडच कुस्करतो. त्यात ड्रिल हॅमरवर ठेवलं की भोक गोल न राहता चिलमीसारखं होतं. आता आम्ही चिऱ्यात हॅमर बंद ठेवून हळू भोक पाडतो, धूळ फुंकून काढतो, जाळीची नळी घालतो आणि लांब रॉड चिकटवायच्या केमिकलने बसवतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर काहीही टांगू देत नाही. खर्च वाढतो, पण रात्री अकराचे फोन थांबले.

भिंत कसली आहे हे ग्राहकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. गिलावा आणि रंग सगळ्यांना सारखाच दिसतो. ड्रिलच्या भुकटीवरून कळतं : तांबडी आणि खडबडीत म्हणजे चिरा, करडी आणि ड्रिलला जोर लावायला लावणारी म्हणजे काँक्रीटचा खांब (मिळाला तर देव पावला), पांढरट आणि पिठासारखी म्हणजे नव्या इमारतींतले हलके ब्लॉक, त्यांना प्लग वेगळे. सत्तरी-डिचोलीकडच्या जुन्या मातीच्या भिंती असतील तर आम्ही ड्रिल बॅगेतून काढतच नाही. तिथे सरळ वाशाला टांगा, माटोळीसारखी. तेवढा सल्ला देऊन परत येतो, त्याचे पैसे घेत नाही. नवऱ्याला हे पटत नाही, पेट्रोल तरी घ्यावं म्हणतो.

भाड्याच्या घरांसाठी मात्र निराळंच डोकं लावावं लागलं. मालक भोक पाडू देत नाही. त्यांच्यासाठी भिंतीला रेलून उभा राहणारा स्टँड केला : दोन चौकोनी पाइप, खाली रुंद पाय आणि सायकलच्या दांड्याखाली येणारे चार हात. वर एक सायकल, खाली एक. सायकलींचं वजनच त्याला भिंतीशी धरून ठेवतं. पहिल्या दहा नगांना भिंतीकडून रबर लावलं होतं, त्याने पांढऱ्या भिंतीवर काळे ठसे उठले. अनामत रक्कम अडकल्याची तक्रार घेऊन एक मुलगी आली, तेव्हापासून रबराऐवजी जाड नमदा लावतो. सुरुवातीला १,९०० ला विकला, आता २,६०० घेतो. दोन सायकलींचा हिशेब केला तर तो परवडतो.

या स्टँडनेच आमची एक मोठी चूक उघडी पाडली. म्हापशाच्या एक शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, "बाय, माझी लेडीज सायकल. तिला दांडा कुठे आहे?" खरंच की. दांड्याखाली हात घालायचे हे दोघांनीही गृहीत धरलं होतं, आणि त्यात मी बाई असून! घरी माझी स्वतःची सायकल लेडीजच. अशा सायकलींना आता सीटखालून आणि हँडलच्या मानेतून धरणारे हात देतो, किंवा सरळ पेडलवर टांगायचा छोटा हुक. वयस्कर माणसांसाठी उभी टांगायची पद्धत उत्तम, फक्त हुकाची उंची अशी धरायची की मागचं चाक जमिनीपासून बोटभरच वर राहील. मग सायकल उचलावी लागत नाही, मागच्या चाकावर उभी करून ढकलता येते. एक लक्षात ठेवायचं, उभी टांगलेली सायकल भिंतीवर जागा फक्त हँडलएवढी, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर घेते, पण खोलीत मीटरभर पुढे येते. अरुंद पॅसेजमध्ये ती नको, तिथे आडवीच बरी.

दिसायला चांगलं हवं, ही मागणी उशिरा आली, आणि ती आली तेव्हा बाबा कामाला आले. फणसाची दीड इंची फळी, तिला दांडा बसेल अशी खाच, खाचेत चामड्याची पट्टी, वर हेल्मेट आणि किल्ल्या ठेवायला जागा. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, वर्ष-दोन वर्षांत तपकिरी होतो. "रंग उडाला" अशी तक्रार घेऊन येणारे अजून आहेत. बाबा त्यांना फोनवर लाकडाचं वय समजावतात, अर्धा तास. चाकाच्या मागे एक अरुंद, काढून धुता येईल अशी पट्टीही लावतो, कारण पावसाळ्यात टायरची तांबडी माती भिंतीवर गेली की रंग काढला तरच जाते.

समुद्राकाठी मात्र मार खाल्ला. वास्कोच्या एका फ्लॅटमधला स्टँड सहा महिन्यांत वेल्डच्या सांध्यांवर फुलला. पावडर कोटिंग आम्ही बाहेरून करून घेत होतो, आणि तिथे सांध्यावरची काजळी न काढताच रंग मारला जात होता. पण दोष अर्धा आमचाही होता. भोकं कोटिंगनंतर पाडत होतो आणि पाइपची तोंडं उघडी ठेवत होतो, त्यामुळे गंज आतून आला. आता भोकं आधी पाडतो, तोंडं बंद करतो, किनाऱ्यालगतच्या घरांना गॅल्वनाइज्ड (जस्त चढवलेला) पाइप सुचवतो. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील मागणाऱ्यांना आधीच सांगतो की खाऱ्या वाऱ्यात त्यावर तपकिरी ठिपके येतात, गंजाला जास्त टिकणारं ३१६ परवडत असेल तर घ्या.

छताला पुलीने ओढून घ्यायचा प्रकारही करून पाहिला. कपडे वाळत घालायच्या पुल्या पाहून सुचला होता. लोकांच्या घरी पीओपीचं फॉल्स सीलिंग निघालं आणि प्रकरण तिथेच संपलं. चौदा सेट अजून माळ्यावर आहेत.

पणजीत २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे-सायकल-धावणे अशी स्पर्धा सुरू झाली, त्यात नव्वद किलोमीटर सायकल. त्या सुमारास बाहेरून येणारे लोक लाखोंच्या सायकली घेऊन उतरतात आणि त्या रात्री खोलीतच हव्या असतात. मिरामारजवळच्या एका होमस्टेवाल्यांनी २०२२ मध्ये सहा स्टँड घेतले. कार्बनच्या फ्रेमला दांड्यावर चिमटा लावायचा नाही, हे तिथे एका पाहुण्याने आम्हाला शिकवलं, जरा रागातच. त्या खोल्यांत आता चाकाला धरणारे हुक आहेत.

आज वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं आणि दोन मुलगे कामाला, शिवाय डिचोलीला बाबा. ग्रिलचं काम अजून चालूच आहे, नुसत्या स्टँडवर घर चालत नाही.

सायकल अजूनही चौकातच असते, आता भिंतीवर, फणसाच्या फळीवर. पण माटोळी बांधायची वेळ आली की फळी अडचणीची होते आणि सायकल पुन्हा सोप्यावर जाते. सासूबाईंनी यंदा सोप्यासाठी वेगळा स्टँड मागितला आहे, गॅल्वनाइज्ड, आणि पैसे देईन म्हणाल्यात. कोटेशन कोणी द्यायचं यावर आमचं दोघांचं अजून ठरलेलं नाही.